कळीचे प्रश्न : कीबोर्ड, टचपॅड आणि नागपूरचा उन्हाळा

सक्करदऱ्यातल्या माझ्या दुकानात मे महिन्यात दोन तऱ्हेचे लॅपटॉप येतात. काहींवर काहीतरी सांडलेलं असतं. बाकीच्यांना काहीच झालेलं नसतं, पण घरचे घाबरलेले असतात. या महिन्यात आलेल्या पत्रांमध्येही हे दोन्ही प्रकार आहेत.

माझे वडील बर्डीवर टाइपरायटर दुरुस्त करायचे. मशीन आलं की ते लगेच स्क्रू उघडत नसत. कागद चढवायचे, गिऱ्हाइकालाच चार ओळी टाइप करायला लावायचे आणि त्याच्या बोटांकडे बघत राहायचे. बिघाड यंत्रात आहे की हाताच्या सवयीत, हे त्यांना आधी कळायला हवं असायचं. मी तेच करते, फक्त कागदाऐवजी स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडते. विंडोजचं बटन, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबले की तो येतो. बटनंच चालत नसतील तर माऊसने सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड. आता खऱ्या कीबोर्डवरची एकेक कळ दाबा. स्क्रीनवरची तीच कळ उजळली आणि अक्षरही बरोबर उमटलं, तर ती कळ ठीक. उजळतच नसेल तर ती मेलेली आहे, किंवा सेटिंगने अडवलेली. हात न लावता उजळलेली राहत असेल तर अडकलेली. आणि उजळते बरोबर पण अक्षर भलतंच येतं, तर बिघाड कीबोर्डात नाही, भाषेच्या सेटिंगमध्ये आहे. एवढी तपासणी घरी करून मग दुकानात या. कुठल्याही दुकानात जा, पण ही तपासणी करून जा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. नातू सुट्टीत आला होता, तो गेल्यापासून लॅपटॉपवर अक्षरांच्या जागी आकडे येतात. पासवर्डही चालत नाही. दुकानदार म्हणाला, कीबोर्ड बदला. (महाल)

उत्तर : काकू, कीबोर्ड बदलू नका. इंग्रजीत 'मोबाईल' लिहून बघा. आधी शून्य आणि सहा, मग बी, मग पाच आणि तीन, मग ई असं उमटलं तर ते नमलॉक आहे. छोट्या लॅपटॉपांमध्ये वेगळा आकड्यांचा भाग नसतो म्हणून यू, आय, ओ या कळांवर चार, पाच, सहा आणि जे, के, एल वर एक, दोन, तीन लपवलेले असतात. एम वर शून्य. नातवाच्या बोटाने नमलॉक चालू झालं असणार. एफएन धरून नमलॉकची कळ दाबा. ती सापडत नसेल तर स्क्रीनवरच्या कीबोर्डच्या ऑप्शन्समध्ये आकड्यांचा भाग चालू करा, तिथे नमलॉक दिसेल, त्यावर क्लिक करा.

पासवर्डच्या पडद्यावर अडलात तर खाली उजव्या कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, विंडोज ११ मध्ये ते माणसाच्या आकृतीचं आहे. तिथूनही स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडतो आणि पासवर्ड माऊसने टाकता येतो. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबून काय उमटतंय ते नक्की बघा.

लहान मुलांच्या हातून होणारी आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. उजवी शिफ्ट सलग ८ सेकंद दाबून ठेवली की विंडोज फिल्टर कीज चालू करायचं का विचारतं. मूल 'हो' दाबून मोकळं होतं. मग प्रत्येक कळ रेटून धरल्याशिवाय अक्षर येत नाही आणि घरच्यांना वाटतं कीबोर्ड गेला. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली कीबोर्ड उघडून ते बंद करता येतं.

प्रश्न : घरून काम करतो. लॅपटॉपचा कर्सर आपोआप उड्या मारतो, दोन बोटांनी सरकवायला गेलो तर पान मोठं होतं. दुकानात नेला की अगदी व्यवस्थित चालतो, घरी आणला की पुन्हा तेच. चार्जर काढला की बरा असतो. एका ठिकाणी टचपॅड बदलून झाला, फरक पडला नाही. (प्रतापनगर)

उत्तर : भाऊ, 'चार्जर काढला की बरा असतो' हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण उत्तर तिथेच आहे. तुमचा टचपॅड बहुधा पहिलाही चांगला होता.

टचपॅडला बोटाचा दाब कळत नाही. बोट जवळ आल्यावर पृष्ठभागाखालच्या बारीक जाळीत विजेचा साठा किंचित बदलतो, तो बदल तो मोजतो. हा बदल फार लहान असतो. चार्जरच्या आत विजेतला गोंधळ गाळायला छोटे कपॅसिटर बसवलेले असतात आणि त्यांतून थोडीशी गळती होते. तीन पिनांच्या चार्जरमध्ये ती गळती जाड पिनेतून जमिनीत जायला हवी. ती वाट बंद असली की ती लॅपटॉपच्या अंगावरच राहते. धातूच्या लॅपटॉपवर मनगट ठेवलं की बारीक झिणझिण्या येतात, त्या याच्याच. टचपॅडला तो गोंधळ बोटासारखा वाटतो. एक बोट असताना दोन दिसतात, म्हणून पान मोठं होतं.

तेव्हा आधी बघा : चार्जरची जाड पिन तुटलेली आहे का? मधे दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलाय का? एक्स्टेन्शन बोर्डात अर्थची वायर मुळात जोडलेली आहे का? स्वस्त बोर्डांत तीन भोकं असतात आणि आत वायरी दोनच, हे मी स्वतः उघडून पाहिलंय. हे सगळं ठीक निघालं तर घराचं अर्थिंग तपासायचं.

हे मी कशी शिकले तेही सांगते. काही वर्षांपूर्वी उमरेड रोडच्या एका ताईंचा टचपॅड मी दोनदा बदलला. माझ्या टेबलावर दोन्ही वेळा तो मस्त चालला. तिसऱ्यांदा त्यांचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. मे महिना, दुपारी ४ ची वेळ. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा होता. झाकण बाजूला सरकलेलं, आतली माती दगडासारखी सुकलेली, नळीभोवती बोट जाईल एवढी भेग. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण अर्थिंगची नळी त्याच मातीत उभी असते, आणि माती सुटली की विजेची वाटही सुटते. त्यांनी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. संध्याकाळपर्यंत कर्सर जागेवर आला. दोन्ही टचपॅडचे पैसे मी त्यांना परत केले, कारण बदलण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

पाणी हा तात्पुरता इलाज. वायरमनकडून मीटरने तपासून घ्या : फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास २३० व्होल्ट यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी थोडे. स्वतः सॉकेटमध्ये तारा खुपसू नका. आणि सॉकेटच्या आतच अर्थ न्यूट्रलला जोडून 'झालं काम' म्हणणारा वायरमन भेटला तर त्याला ते करू देऊ नका. पुढे कधी न्यूट्रल तुटला की घरातल्या प्रत्येक यंत्राच्या धातूच्या अंगावर पूर्ण वीज येते.

मी टचपॅडच्या प्रश्नावर एवढं लिहितेय, कारण तुमच्या घरात त्याच अर्थिंगवर कूलरही चालतो. लोखंडी कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात माणसं जातात, लहान मुलं जातात. तुमचा कर्सर उड्या मारतोय ही सूचना आहे, ती ऐका. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तो याच आठवड्यात बसवून घ्या. टचपॅडचं नंतर बघू.

प्रश्न : एक्सेलमध्ये बाणाची कळ दाबली की चौकट हलत नाही, पूर्ण शीटच सरकतं. (वाडी)

उत्तर : स्क्रोल लॉक चालू आहे. लॅपटॉपवर बहुतेक ती कळच नसते. स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडा आणि त्यातल्या स्क्रोल लॉकवर एकदा क्लिक करा.

प्रश्न : हॉस्टेलवर राहते. कीबोर्डवर अर्धा कप चहा सांडला. लगेच पुसला, तांदळाच्या डब्यात ठेवला, मग मैत्रिणीने सांगितलं म्हणून दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवला. आता सुरू होतो, पण एक ओळ पूर्ण बंद आहे आणि डावी शिफ्ट अडकल्यासारखी वागते. (हिंगणा रोड)

उत्तर : अगं, गच्चीवर! मेच्या उन्हात आपल्या गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. लॅपटॉपच्या कंपन्या वापरण्यासाठी साधारण ३५ अंशांपर्यंतची हवा धरून चालतात, आणि इथे सावलीतच ४५ होतात. त्या उन्हाने बॅटरीला आणि स्क्रीनला चहापेक्षा जास्त त्रास दिला असू शकतो. बॅटरीकडे काही दिवस लक्ष ठेव, खालच्या एका पत्रात फुगलेल्या बॅटरीच्या खुणा दिल्या आहेत.

तांदळाने काही होत नाही. लॅपटॉपच्या कीबोर्डखाली पातळ प्लास्टिकचे तीन पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विजेच्या रेघा छापलेल्या, मधल्याला भोकं. कळ दाबली की भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. चहा या पापुद्र्यांच्या मधे ओढला जातो आणि तिथून तांदूळ त्याला शोषू शकत नाही. पाणी उडालं तरी साखर आणि दूध आतच राहतात. कळा आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीवर जोडलेल्या असतात, म्हणून एक रेघ खराब झाली की एकदम अनेक कळा जातात. तुझी ओळ तशीच गेली आहे. शिफ्ट अडकते ती तिथे रेघा साखरेने जोडल्या गेल्यामुळे.

पुढच्या वेळी, ती येऊ नये, पण आलीच तर : चार्जर काढायचा, पॉवरचं बटन १० सेकंद दाबून धरायचं, झाकण उघडं ठेवून लॅपटॉप टेबलाच्या कडेवर तंबूसारखा उलटा ठेवायचा. हलवायचा नाही, हेअर ड्रायर लावायचा नाही, आणि 'सुरू होतो का बघू' म्हणून बटन तर अजिबात दाबायचं नाही. बहुतेक बोर्ड चहाने मरत नाहीत, ओले असताना त्यांना वीज दिल्याने मरतात. त्याच दिवशी उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केला तर वाचायची शक्यता चांगली असते.

आता तुझ्या लॅपटॉपला नवा कीबोर्ड लागेल. आधी विचारून घे की तुझ्या मॉडेलचा कीबोर्ड स्क्रूने बसवलाय की प्लास्टिकच्या वितळवलेल्या खिळ्यांनी. खिळ्यांचा असेल तर वरचं पूर्ण कव्हर काढून काम करावं लागतं आणि मजुरी वाढते. तोवर परीक्षेचं काम अडू नये म्हणून दुकानात आतल्या कीबोर्डची रिबन, म्हणजे त्याची चपटी वायर, काढून घे आणि यूएसबी कीबोर्ड लाव. फक्त बाहेरचा लावून भागणार नाही, कारण आतली शिफ्ट अडकलेलीच राहील आणि सगळी अक्षरं कॅपिटल येत राहतील.

प्रश्न : टचपॅडचं क्लिक होत नाही, तो मधून थोडा वर आल्यासारखा वाटतो. लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो. जोरात दाबला तर कधी कधी क्लिक होतं. (नंदनवन)

उत्तर : दाबू नका. आजपासून तो चार्जिंगलाही लावू नका. बऱ्याच लॅपटॉपांमध्ये टचपॅडच्या बरोबर खाली बॅटरी असते. ती आतल्या वायूने फुगली की टचपॅडला खालून ढकलते, मग क्लिक व्हायला जागाच उरत नाही. डुगडुगणं, झाकण नीट न मिटणं, टचपॅड वर येणं या तिन्ही तिच्याच खुणा आहेत. अशी बॅटरी टोचली किंवा वाकवली तर पेट घेऊ शकते. लॅपटॉप बंद करा, गादी आणि पडद्यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि लवकरात लवकर दुकानात न्या. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, दुकानदाराकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. नवी बसवल्यावर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवायची सवय असेल तर ती मोडा.

प्रश्न : टायपिंगच्या परीक्षेसाठी इनस्क्रिप्ट शिकतो आहे. 'सक्करदऱ्यात' लिहायला गेलो की 'सक्करदर्यात' होतं. कीबोर्डवर चिकटवायला मराठी स्टिकर घेऊ का? (मानेवाडा)

उत्तर : माझ्याच पत्त्यावर अडलास, त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

स्टिकर घेऊ नकोस. उन्हाळ्यात त्यांचा गोंद पाघळून कळांच्या फटीत उतरतो आणि तो खरवडायला माझा एक तास जातो. शिवाय नजर खाली राहते आणि बोटं कधीच शिकत नाहीत. त्यापेक्षा विंडोजमध्ये मराठी भाषा जोड, विंडोजचं बटन आणि स्पेस दाबून मराठीवर ये, आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडून पडद्याच्या खालच्या भागात ठेव. त्यावर देवनागरी अक्षरं दिसतील. शिफ्टवर क्लिक केलंस की वरच्या थराची अक्षरं दिसतील. एवढंच लक्षात ठेव की मराठी फोनेटिक निवडलेला असेल तर तिथे इंग्रजी अक्षरंच राहतात.

इनस्क्रिप्टची मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवली आणि ती डोक्याने केलेली मांडणी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. क च्या कळेवर शिफ्ट धरलं की ख, त वर थ, ल वर ळ. मराठीत व्यंजन आणि मात्रा आलटून पालटून येतात, त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. वडिलांच्या टाइपरायटरवर अर्धी अक्षरं वेगळ्या कळांवर होती, इथे पाय मोडायची एक कळ पुरते.

आता ऱ्या. त्यासाठी नेहमीचा र नाही, खाली टिंब असलेला र लागतो. शिफ्ट धरून इंग्रजी जे, मग पाय मोडायला डी, मग य साठी प्रश्नचिन्हाची कळ शिफ्टशिवाय, मग काना द्यायला ई. झाला ऱ्या. नुसत्या जे ने सुरुवात केलीस तर रफार येतो. आणि मराठीत हा फरक शोभेचा नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरात असतात. आचार्यांना नमस्कार करायचा असतो आणि आचाऱ्यांना पंगतीची संख्या सांगायची असते. जुन्या फायलींमध्ये हाच ऱ्या साध्या र ला पाय मोडून आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह घालून लिहिलेला असतो. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधायला गेलास तर एक लिहून दुसरा सापडत नाही. म्हणून टिंबाच्या र चीच सवय लाव.

प्रश्न : रात्री चार्जिंगला लावलेल्या मोबाईलची स्क्रीन आपोआप चालते, ॲप उघडतात. दुकानात फोल्डर, म्हणजे टचसकट पूर्ण डिस्प्ले, बदलायला सांगतात. (कळमेश्वर)

उत्तर : प्रतापनगरच्या भाऊंचं उत्तर वाचा, कारण तेच असू शकतं. चार्जर काढून बघा, मग दुसरा चांगला चार्जर लावून बघा. कूलरच्या अगदी समोर फोन ठेवू नका, ओलसर काचेलाही हा त्रास होतो. उचललेला, बुडबुडे आलेला स्क्रीन गार्ड काढा. एवढं करूनही चार्जरशिवाय तसंच चाललं तर फोल्डर बदला. आणि कधी टच पूर्ण गेला पण स्क्रीन दिसतेय, तर ओटीजी वायरने साधा यूएसबी माऊस जोडा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर बाण येतो आणि फोटो, नंबर सगळं काढून घेता येतं.

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे. सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होते. फेब्रुवारीत लकवा झाला, उजवा हात उचलत नाही, डावा कापतो. बोलणं अजून अस्पष्ट आहे. लॅपटॉपसमोर बसवलं तर दोन अक्षरं चुकली की रडतात. त्यांना पुन्हा लिहिता येईल का? (मनीषनगर)

उत्तर : ताई, येईल. तुमचं पत्र मी दुकान बंद करून शांतपणे तीनदा वाचलं.

स्क्रीनवरचा कीबोर्ड मुळात अशाच माणसांसाठी केलेला आहे, आम्ही दुरुस्तीवाले त्याचा दुसरा उपयोग करतो एवढंच. त्याच्या ऑप्शन्समध्ये कळेवर बाण नुसता थांबवून अक्षर टाकायची सोय आहे. क्लिक करावंच लागत नाही. किती वेळ थांबायचं ते सरकपट्टीने ठरवता येतं, सुरुवातीला सगळ्यात जास्त वेळ ठेवा. कापऱ्या हाताला क्लिक करतानाच धक्का बसतो आणि बाण शेजारच्या कळेवर जातो, तो त्रास इथे राहत नाही. कीबोर्ड ओढून पडद्याच्या पूर्ण रुंदीचा करा आणि माऊसचा वेग कमी करा.

माऊस धरणंही जड जात असेल तर तिथेच कळा आपोआप फिरवत नेण्याचा पर्याय आहे. आधी ओळ उजळते, मग त्या ओळीतला गट, मग कळ. हवी ती आली की एकच बटन दाबायचं. हळू आहे, पण अचूक आहे. एका हाताने खरा कीबोर्ड वापरायचा असेल तर शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबून स्टिकी कीज चालू करा, म्हणजे शिफ्ट आणि अक्षर एकाच वेळी धरावं लागत नाही. वर काकूंना मी फिल्टर कीज बंद करायला सांगितलं, बाबांसाठी मात्र ते चालू करा आणि त्यातला बाउन्स कीजचा पर्याय निवडा. थरथरीने एकच कळ दोनदा लागली तर दुसरी मोजली जात नाही.

बाबांची बोटं जुनी मांडणी जाणतात, त्यामुळे इनस्क्रिप्ट पाहून ते गोंधळतील. रागावू नका, आणि त्यांच्या समोर तुम्ही टाइप करून दाखवू नका. ज्याने आयुष्यभर न बघता टाइप केलं, त्याला दुसऱ्याचा वेग बघवत नाही. माझ्या वडिलांच्या हातांना शेवटी कंप सुटला होता, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून पाना हातात घेतला की ते उठून जायचे. हे मला फार उशिरा समजलं.

पहिल्या दिवशी फक्त त्यांचं नाव. चुकलं तरी पुसू नका, त्यांनाच पुसू द्या. फिजिओथेरपीवाल्यांना विचारून बसायची उंची आणि कोपराखाली उशी ठरवून घ्या. रविवारी माझं दुकान बंद असतं, मी मनीषनगरला येऊन सगळं लावून देईन. तोवर वायरचा माऊस असेल तर त्याची वायर डाव्या बाजूला मोकळी पोहोचते का तेवढं बघून ठेवा. नाही पोहोचली तर मी लांब वायरचा सोबत आणते.